दोरीला लागलेला हात

एका राज्यात समुद्र दिवसातून दोन वेळा आपले अंगण झाडून जात असे. पाणी मागे सरे, ओली वाळू आरशासारखी चमके, आणि तिच्यावर शिंपले, तिसऱ्या, खेकडे व पाखरांच्या पावलांची नक्षी उरे. पंधरा घटका लोटल्या की पाणी पुन्हा आपल्या जागी येई. त्या किनाऱ्यावरच्या बायका समुद्राकडे पाहून चुलीवर आधण ठेवीत, आणि त्यांचा भात कधी करपत नसे.

राज्याच्या पश्चिम टोकाला शंखपुळण नावाचा एक एकान्त किनारा होता. तेथे जाण्यास राजरस्ता नव्हता. केवड्याच्या बनातून वाकून जावे, उंडीच्या झाडांखालून उतरावे, तेव्हा एकाएकी पांढऱ्या वाळूची चंद्रकोर समोर येई. पुळणीसमोर, हाक पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, कासवाच्या पाठीसारखे एक बेट होते. त्याचे नाव कूर्मबेट. भरतीत ते चहूकडून पाण्याने वेढलेले असे. ओहोटीत वाळूचा एक दांडा पाण्यातून वर येई आणि बेट जमिनीला जोडले जाई. बेटावर एकवीस पायऱ्या, पायऱ्यांच्या माथ्यावर देवीचे देऊळ, देवळामागे गोड्या पाण्याचा झरा आणि सात माड. देवीची ओटी भरण्यास बाईने एकटीने जावे, अशी तेथली रीत होती.

पुळणीवर चाळीस घरांची कोळ्यांची वस्ती होती. ती माणसे रापण ओढीत. रापण म्हणजे अर्ध्या पुळणीएवढे लांब जाळे. त्याच्या दोरीचे एक टोक वाळूवर ठेवायचे, होडीने पाण्यात मोठा वळसा घालून दुसरे टोक काठाला आणायचे, आणि मग दोन्ही टोकांना माणसांनी लागून जाळे ओढून काढायचे. या कामाची रीत तीन वाक्यांची होती, आणि वस्तीतील मुले बोलू लागली की आधी तीच शिकत. दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा ठरला. वाटा ज्याचा त्याच्याच हातात पडावा, दुसऱ्याकडे धाडू नये. आणि सूर्य मावळण्यापूर्वी पडावा.

एका पौर्णिमेस राजा वज्रसेन आणि राणी सुलक्षणा शंखपुळण पाहण्यास आली. त्यांची कन्या चारुमती तापाने फणफणली होती, म्हणून ती राजवाड्यातच राहिली. दुपार कलली होती, पाणी मागे सरत होते, आणि रापणीची होडी पाण्यात वळसा घेत होती. राणीने गमतीने दोरीला हात लावला. दोरीला हिसका बसला, राणीची एक हिरवी बांगडी वाढली, ती खळखळून हसली आणि ओटीचे ताट घेऊन दांड्यावरून बेटाकडे चालू लागली.

राजालाही हुरूप आला. त्याने शेला कमरेस बांधला आणि तो इतरांबरोबर दोरीला लागला. जाळे आले, ते असे भरलेले की वस्तीतील म्हाताऱ्यांनीही तसे कधी पाहिले नव्हते. सरंगे, सुरमया, बांगडे. वाळूवर जणू चांदणे सांडले.

राजा हर्षाने म्हणाला, "आज राजवाड्यात पाच देशांचे राजे जेवणार आहेत. सगळे मासे गाड्यांत भरा!"

वस्तीचा पुढारी धाकू तांडेल हात जोडून म्हणाला, "महाराज, आणि वाटे?"

"उद्या धान्याच्या गाड्या धाडतो. दुप्पट धाडतो."

राजापुढे कोण बोलणार? सर्वांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात ओलेत्या लुगड्यातील एक वृद्धा पुढे आली आणि तिने तळहात पसरला.

"माझा वाटा?"

प्रधान हसून म्हणाले, "म्हातारे, तू दोरी ओढलीस तरी कुठे? तू तर नुसता हात लावलास!"

राजाही हसला. वृद्धा हसली नाही.

"नुसत्या हाताचे काहीच नसेल," ती म्हणाली, "तर मी माझा हात काढून घेते."

ती वृद्धा म्हणजे साक्षात ओहोटी होती. दिवसातून दोनदा समुद्र मागे ओढण्याचे काम तिचे. तिने हात काढून घेतला, आणि पाणी वेळेआधीच वळले. वाळूचा दांडा बुडाला, पहिली पायरी बुडाली, आणि राणी सुलक्षणा बेटावरच राहिली.

राजाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी धान्याच्या गाड्या आल्या आणि त्या खरोखरच दुप्पट होत्या. परंतु धान्य म्हणजे वाटा नव्हे. इकडे राजवाड्याच्या मुदपाकखान्यात माशांवर सुरी टेकताच ते सगळे रुप्याचे झाले. त्यांतला एखादा आपल्याकडे राहावा असे मनात आणून जो त्यांना हात लावी, त्याचा हात कोपरापर्यंत गारठून जाई. कोशाध्यक्षांचा उजवा हात तेव्हापासून भर वैशाखातही लोकरीत गुंडाळलेला असे. अखेर मासे कोठारात कोंडले गेले.

त्या दिवसापासून ओहोटी आली नाही. समुद्र काठोकाठ भरलेला उभा राहिला. वाळूत तिसऱ्या-शिंपले मिळेनात, मिठागरे बुडाली, खाडीकाठची भातशेते खारावली. बेटाभोवती एक भोवरा फिरू लागला. जी होडी जाई ती तो गिळी आणि फळ्या करून परत देई. दर पौर्णिमेस देवळाची आणखी एक पायरी पाण्याखाली जाई. एकविसावी गेली की देऊळ, झरा आणि राणी समुद्राची होणार, हे सर्वांस दिसत होते.

राजाने मांत्रिक बोलाविले. पहिल्याने समुद्रास मंत्राने बांधले. समुद्राने गाठ सोडली आणि मांत्रिकालाच गुंडाळून काठावर ठेवले. दुसऱ्याने पाणी पिऊन टाकण्याची प्रतिज्ञा केली आणि तो सात महिने तहानेने तळमळत राहिला. तिसऱ्याने पंचांग पाहिले, मुहूर्त सांगितला आणि मुहूर्तापूर्वीच राज्य सोडले.

अशा अठरा पायऱ्या बुडाल्या. तीन उरल्या. तेव्हा राजकन्या चारुमती, जी आता सोळा वर्षांची झाली होती, पित्यासमोर उभी राहिली.

"आबासाहेब, मी शंखपुळणीस जाते."

"जाणत्यांना जमले नाही, ते तुला जमेल?"

"जाणत्यांची आई बेटावर नव्हती."

राजाने आज्ञा दिली.

केवड्याच्या बनातून वाकून, उंडीखालून उतरून चारुमती पुळणीवर आली. पांढऱ्या चंद्रकोरीची आता चार हात रुंदीची पट्टी उरली होती. समोर बेटावर, देवळाच्या दारात, पिवळा शेला हलत होता. राणी दररोज सकाळी तो हलवीत असे. कोणी पाहत असेल, एवढ्याच विश्वासावर. चारुमतीने आपला पदर हलविला. बेटावरचा शेला क्षणभर थांबला, आणि मग दुप्पट वेगाने हलू लागला.

"हलवा, हलवा. हात दुखेपर्यंत हलवा," उंडीच्या फांदीवरून कोणी म्हणाले.

तेथे एक तुतवार पक्षी बसला होता. लाटेच्या कडेने ओल्या वाळूवर तुरुतुरु धावणे आणि किडे टिपणे हा त्याच्या कुळाचा व्यवसाय. बोलताना त्याची शेपटी सारखी खालीवर होई.

"पक्षिराज, आपण झाडावर कसे?" चारुमतीने विचारले.

"लाज वाटते ना? मलाही वाटते. तुतवाराने झाडावर बसावे! पण ओली वाळू कुठे आहे? ते आमचे ताट होते. तुमच्या तीर्थरूपांनी एका म्हातारीचा वाटा बुडविला आणि उपाशी मी राहिलो."

"ती म्हातारी कुठे आहे?"

"उत्तरेच्या गुहेत. दीड वर्षात तिला विचारायला कोणी आले नाही. सगळे समुद्रालाच धमकावत बसले."

गुहेत ओहोटी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचे केस शेवाळासारखे आणि डोळे ओल्या शिंपल्यांसारखे होते. चारुमतीने वाकून नमस्कार केला.

"आजी, मी चारुमती. राजा वज्रसेनांची कन्या."

"सांगायला नको. नाक बापाचेच आहे."

"आजी, माझी आई बेटावर आहे. शाप मागे घ्यावा."

"घेता आला असता, तर मीच कधीचा घेतला असता. रिकाम्या हातांनी बसण्याचा मला काय आनंद आहे? पण पोरी, रीत जिथे मोडली, तिथेच ती सांधावी लागते. तीन कामे आहेत. करशील?"

"करीन."

"त्या दिवशीची दोरी आण, ती वळलेल्या पाण्यात वाहून गेली आणि आता दक्षिणेच्या खडकात कर्कटराजापाशी आहे. त्या दिवशीचे मासे आण. ज्या हाताने नेले, त्याच हाताने परत आले पाहिजेत. आणि मग रापण ओढून वाटे घाल. त्या दिवशी ज्याचा हात लागला, त्याचाही; आज ज्याचा लागेल, त्याचाही. सूर्य बुडेल तेव्हा वाळूवर एकही वाटा उरता कामा नये. उरला, तर शेवटची पायरी जाईल आणि माझाही इलाज चालणार नाही."

दक्षिणेच्या काळ्या खडकात पाण्याने भरलेले एक विवर होते. त्याच्या तळाशी गाडीच्या चाकाएवढा एक खेकडा दोरीचे वेटोळे करून त्यावर बसला होता. हाच कर्कटराज.

"कोण आहे?" पाण्यातून बुडबुडे आले आणि त्यांबरोबर आवाज आला.

"राजकन्या चारुमती. मला आपल्याखालची दोरी हवी आहे."

"ही दोरी नाही, सिंहासन आहे."

"त्यावर आपण सुखाने बसता?"

कर्कटराज दोरीवर जरा सरकला. नंतर म्हणाला, "सुख कसले? पूर्वी ओहोटी आली की मी खडकावर येऊन पाठ शेकीत असे. आता वर्ष उलटले, पाठ कोरडी नाही. राजा झालो आणि कुजलो."

"मी आपली पाठ शेकून दिली तर?"

"पाण्यात ऊन आणशील?"

"आणीन."

चारुमतीने कमरेचा आरसा काढला. माध्यान्ही ती कंबरभर पाण्यात उभी राहिली, आणि तिने सूर्याची तिरीप आरशात धरून विवरात सोडली. उन्हाचा एक गोल तुकडा पाण्यातून उतरत उतरत कर्कटराजाच्या पाठीवर जाऊन बसला.

"थोडे डावीकडे," कर्कटराज म्हणाला. "अहं, फार झाले. हां. तिथेच. आता हलू नकोस."

ती हलली नाही. सूर्य हलला की तेवढाच आरसा हलवी. पहिल्या दिवशी तिचे खांदे भरून आले, दुसऱ्या दिवशी बोटे बधिर झाली, तिसऱ्या दिवशी तिला आरशात स्वतःचे तोंड दिसले आणि ते तिला ओळखू आले नाही. असे ती पौर्णिमेपर्यंत उभी राहिली. त्या दिवशी एकोणिसावी पायरी पाण्याखाली गेली, आणि त्याच दिवशी विवरातून दोरीचे टोक वर आले.

"घेऊन जा," कर्कटराज म्हणाला. "पाठ शेकली. आता सिंहासन टोचते."

शेवाळाने काळी पडलेली ती दोरी चारुमतीने उंडीखाली पसरली, तुतवाराला तिच्यावर पहारा ठेवण्यास सांगितले आणि ती राजवाड्यात परतली.

राजा वज्रसेन पश्चिमेच्या खिडकीत बसलेला होता. तो अलीकडे तेथेच बसत असे.

"आबासाहेब, कोठार उघडावे लागेल. मासे परत न्यायचे आहेत, आणि ते आपल्याच हाताने न्यायचे आहेत."

"माझ्या हाताने? राजाने पाट्या वाहायच्या?"

"त्या दिवशी राजाने दोरी ओढली होती. तेव्हा कोणी नावे ठेवली नाहीत."

राजा उठला. कोठार उघडले. रुप्याच्या माशांचे ढीग मंद चमकत होते. राजाने पहिला सरंगा उचलला आणि तो एकदम कळवळला. त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा पडला होता.

"आबासाहेब, मनात काय आले?"

"काही नाही."

"खरे सांगावे."

राजा ओशाळून म्हणाला, "एकच. फक्त एक ठेवावा म्हटले. तुझी आई परत आली की तिला दाखवायला."

"आईसाहेबांसाठीही नको. हे आपले नाहीत."

राजाने डोळे मिटले. त्याला ती दुपार आठवली. खाली गेलेल्या माना आठवल्या, पसरलेला तळहात आठवला. त्याने डोळे उघडले तेव्हा हाताला ऊब आली होती. मग त्याने एकेक मासा उचलला आणि पाटीत ठेवला. प्रधान मदतीस धावले, तेव्हा त्याने त्यांना थांबविले. पाट्या भरल्या, गाड्यांत चढल्या. केवड्याच्या बनात गाड्या शिरेनात, तेव्हा राजाने पाटी डोक्यावर घेतली. दहा दिवस तो बनातून वाकून जात होता आणि वाकूनच परत येत होता. वस्तीतील बायका दारात उभ्या राहून पाहत. अकराव्या दिवशी एका म्हातारीने न बोलता त्याला डोक्यावर ठेवायची चुंबळ दिली.

"आधी का नाही दिली, मावशी?" राजाने विचारले.

"आधी तू महाराज होतास," ती म्हणाली. "आता मान दुखणारा माणूस दिसलास."

राजा मनापासून हसला. दीड वर्षात पहिल्यांदाच. शेवटची पाटी समुद्रात रिकामी झाली, रुपे पाण्यास लागताच जिवंत झाले, आणि एक चंदेरी रेघ खोल पाण्याकडे सळसळत गेली. त्या पौर्णिमेस विसावी पायरी बुडाली.

आता एकच पायरी उरली होती.

शेवटची पौर्णिमा उजाडली. आकाश निरभ्र होते. दुपारी धाकू तांडेलाने होडी पाण्यात घातली आणि वळसा घेऊन दोरीचे दुसरे टोक काठाला आणले. चार हातांच्या त्या पट्टीवर साऱ्या वस्तीने दोरीला हात लावला. राजा लागला, प्रधान लागले, कोशाध्यक्ष लागले. त्यांचा लोकरीतला हात माशांनी राजवाडा सोडला तेव्हाच बरा झाला होता. चारुमती सर्वांच्या पुढे होती. गुहेतून ओहोटी आली आणि तिनेही, त्या दिवशीप्रमाणेच, दोरीला नुसता हात लावला. या वेळी कोणी हसले नाही.

"थांबा, थांबा!" तुतवार ओरडला आणि त्याने दोरीचा एक धागा चोचीत धरला. "माझाही वाटा धरा. चोच लागली आहे."

"तुझ्या ओढण्याने जाळे फाटू नये म्हणजे मिळवली," धाकू तांडेल म्हणाला, आणि सगळी दोरी हसत हसत वर आली.

जाळे भरून आले. तेच सरंगे, त्याच सुरमया, तेच बांगडे. चारुमती वाटे घालू लागली. धाकू तांडेल त्या दिवशीचे हात एकामागून एक सांगू लागला. कोण कोणाच्या मागे उभा होता, कोण उशिरा आला, कोणी मूल काखेत घेऊन एकाच हाताने ओढले, हे सारे त्याच्या जिभेवर होते. जो तो पुढे येई आणि वाटा हातात घेई. ओहोटीच्या तळहातावर चारुमतीने दोन वाटे ठेवले, एक तेव्हाचा आणि एक आजचा. वृद्धेने मासा नाकाशी नेला.

"ताजा आहे," ती एवढेच म्हणाली.

प्रधानांना दोन बांगडे मिळाले. ते कसे धरावे हे त्यांना कळेना. अखेर एका पोक्त कोळणीने ते त्यांच्या पागोट्याच्या शेवात बांधून दिले. तुतवाराला एक कोळंबी मिळाली आणि त्याने ती सर्वांना दाखवून खाल्ली.

"झाले," धाकू तांडेल म्हणाला. "त्या दिवशीचा प्रत्येक हात सांगितला, बाय. एकही राहिला नाही."

सूर्य अजून दोन हात वर होता. वाळूवर एकही वाटा उरला नव्हता. सर्वांनी ओहोटीकडे पाहिले. परंतु समुद्र हलला नाही. ओहोटीही हलली नाही. तिचे शिंपल्यांसारखे डोळे चारुमतीवर खिळलेले होते.

चारुमती मनात मोजू लागली. कुठे चुकले? दोरी आणली, मासे आणले, वाटे घातले. तिने दोरी पुन्हा हातात घेतली आणि टोकापासून ती बोटांतून सरकवू लागली; जणू तिला दोरीलाच विचारायचे होते. पाच हात, दहा हात, वीस हात. एकाएकी बोटाला काही टोचले. काथ्याच्या पिळात रुतलेला, हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा.

ती आईची बांगडी होती.

"आबासाहेब," चारुमतीने तुकडा पुढे केला, "आईसाहेबांचा हात दोरीला लागला होता?"

राजाने तुकडा तळहातावर घेतला. "लागला होता. गमतीने. मी पाहिले होते. हसली होती ती. मी... मी तो हात धरलाच नाही."

"मी होडीत होतो, बाय," धाकू तांडेल कपाळावर हात मारून म्हणाला. "मला कसा दिसणार?"

चारुमतीने जाळ्यात उरलेल्या माशांतून एक वाटा काढला. एक सरंगा, एक सुरमई, तीन बांगडे. तिने तो वाळूवर, सर्वांच्या समोर मांडला. सूर्य एक हात वर होता.

ओहोटी म्हणाली, "आता वाळूवर एक वाटा उरला. माझी अट ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, आजी. पण हा उरलेला नाही. हा अडलेला आहे."

"म्हणजे?"

"वाटा ज्याचा त्याच्याच हातात पडावा, ही रीत. हात बेटावर आहे, वाट पाण्याखाली आहे, आणि पाणी आपल्यामुळे उभे आहे. एकदा आपला वाटा अडला, तेव्हा आपण सगळे राज्य धरून ठेवलेत. आज हा वाटा कोणी अडविला, ते आपणच सांगावे."

वृद्धेच्या भुवया चढल्या.

"तिने तर नुसता हात लावला होता," ती सावकाश म्हणाली.

चारुमती बोलणार होती; पण तिच्या आधी राजा वज्रसेन पुढे झाला आणि त्याने वृद्धेपुढे गुडघे टेकले.

"नुसत्या हाताचाही वाटा असतो, आजी. हे समजण्यास मला वीस पायऱ्या लागल्या. एकविसावी लागू देऊ नका."

ओहोटीने त्याच्याकडे पाहिले. मग तिच्या चेहऱ्यावर, वाळूवर पाणी पसरावे तसे, हसू पसरले.

"दीड वर्ष," ती म्हणाली, "दीड वर्ष मी हेच एक वाक्य ऐकायला बसले होते. पण तुझ्या लेकीने मला माझ्याच रीतीत धरले, त्याची मजा काही और आहे."

ती पाण्याच्या कडेला गेली, वाकली, आणि तिने लाटेतून एक दोरी उचलली. ती दोरी पाण्याचीच होती. तिने ओढून पाहिले. समुद्र वीतभर सरकला आणि थांबला.

"सवय मोडली आहे," ती पुटपुटली. "आणि दीड वर्षाचे पाणी साचले आहे. एकटीला पेलवायचे नाही."

कोणाला सांगावे लागले नाही. वस्तीने हातातले वाटे पाटीत ठेवले आणि ती वृद्धेच्या मागे उभी राहिली. राजाने शेला कमरेस बांधला. प्रधानांनी बांगडे बांधलेले पागोटे सावरले आणि पाण्याच्या दोरीला हात लावला. ती गार होती, पण हातातून निसटत नव्हती.

"होऽऽ हैय्या!" धाकू तांडेलाने ताल धरला.

सारी पुळण एका अंगाने मागे झुकली, आणि समुद्र हलला. आधी वीतभर, मग हातभर, मग बैल दावणीला यावा तसा निमूटपणे, तो बेटाच्या दोन्ही बाजूंनी मागे सरू लागला. भोवरा फिरायचा थांबला आणि त्याचे साधे डबके झाले. विसावी पायरी उघडी पडली. एकोणिसावी पडली. त्यांवरून पाणी खळखळत खाली धावू लागले. शेवटी वाळूचा दांडा, ओला, चमकता, पाठ वर काढून प्रकट झाला.

"जा, पोरी," ओहोटी दोरी धरून म्हणाली. "सूर्य कोणासाठी थांबत नाही."

चारुमतीने वाटा ओच्यात घेतला आणि ती दांड्यावरून धावत सुटली. सूर्याची कड पाण्याला टेकली होती. शेवाळलेल्या पायऱ्यांवर ती दोनदा घसरली, पण ओचा तिने सोडला नाही. एकविसाव्या पायरीवर राणी सुलक्षणा पिवळा शेला हातात घेऊन उभी होती. ती वाळली होती, उन्हाने काळवंडली होती, आणि तिच्या एका हातात दुसऱ्यापेक्षा एक बांगडी कमी होती.

चारुमतीला आईच्या गळ्यात पडायचे होते. परंतु तिने आधी दोन्ही हात पुढे केले.

"आईसाहेब, आधी हात पसरा."

राणीने हात पसरले. त्यांत मासे पडले, आणि त्याच क्षणी सूर्य मावळला.

राणी थक्क होऊन पाहत राहिली. "हे काय, चारू?"

"आपला वाटा."

"माझा?" राणी म्हणाली. "अगं, मी तर दोरीला नुसता हात लावला होता!"

त्यावर चारुमती इतकी हसली की हसता हसता रडू लागली, आणि राणीला कारण न समजताही तीच गत झाली. मग मायलेकी हात धरून पायऱ्या उतरल्या. पूर्वेला पूर्ण चंद्र वर येत होता. त्या दांड्यावरून चालत असता पाणी त्यांच्या मागोमाग, घाई न करता, आपल्या ठरल्या वेळेने परत येऊ लागले.

काठावर राजा उभा होता. त्याने डोक्यावरची चुंबळ काढून राणीला दाखविली, आणि तीत सारे आले.

"आजी," तुतवाराने शेपटी हलवीत विचारले, "समुद्राच्या दोरीलाही माझी चोच लागली होती. त्या ओढण्याचा वाटा काय?"

"तुझ्या पायांखाली बघ," ओहोटी म्हणाली.

तुतवाराने पाहिले. लाटेच्या कडेने ओली वाळू पसरली होती, आणि तिच्यात असंख्य बारीक किडे वळवळत होते. त्याने एक शीळ घातली आणि तो तुरुतुरु धावत सुटला. त्यानंतर तो झाडावर कधी बसला नाही.

शेते गोडी झाली, मिठागरे पांढरी झाली, आणि बायका पुन्हा समुद्राकडे पाहून आधण ठेवू लागल्या. कर्कटराज रोज दोन वेळा खडकावर येऊन पाठ शेकी आणि उगीचच डाव्या बाजूला सरके. राजा वज्रसेन दर पौर्णिमेस शंखपुळणीस येई, दोरीला लागे आणि आपला वाटा घेऊन पायी परत जाई. पहिला वाटा मात्र लाटेच्या कडेला ठेवलेला असे. पाणी येई, तो उचली, आणि वाळू झाडून निघून जाई.

ज्यांनी या कहाणीला कान लावला, त्यांचाही तिच्यात वाटा आहे. तो ज्याचा त्याच्याच हातात पडो, आणि सूर्य मावळण्यापूर्वी पडो.